‘टेक’ची कार्डं

१९७२ सालच्या फेब्रुवारीत, नवं सत्र सुरू व्हायला आठवडा असताना, लुओशीच्या माध्यमिक शाळेचे प्रमुख त्साओ यांनी त्वान युह्वाईला कचेरीत बोलावलं आणि एक पातळसं पुस्तक टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं.

“सोमवारपासून इंग्रजी.”

“शिकवणार कोण?”

“तू. परदेशी भाषा येणारा दुसरा कोण आहे इथे?”

“मला रशियन येतं, प्रमुख.”

“मग झालं तर. चार अक्षरं इकडची तिकडे असतील.”

त्वान तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. तरुणपणी प्रांताच्या राजधानीत दोन वर्षं राहून तो रशियन शिकला होता, पुढे सहा वर्षं त्याने ते शिकवलं, आणि रशियाशी बिनसल्यावर एका उन्हाळ्यात त्याचा विषय वेळापत्रकातून नाहीसा झाला. तेव्हापासून तो शाळेची डुकरं सांभाळत होता, तासाची घंटा देत होता आणि ‘शेतीची प्राथमिक माहिती’ नावाचा विषय शिकवत होता. तक्रार करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याच्या फायलीत घराण्याच्या रकान्यात ‘गरीब शेतकरी’ असं लिहिलेलं होतं, आणि त्या दोन शब्दांवर माणसाला त्या दिवसांत निवांत झोप लागत असे.

तो रेडिओवरच्या इंग्रजीच्या पाठाला कान लावून बसू लागला. मुलांच्या एक धडा पुढे राहायचं, एवढाच त्याचा बेत होता. ‘र’ मात्र त्याच्या तोंडून रशियनच निघायचा, गुरगुरत. आठवड्याभरात मुलांनी त्याचं नाव ‘ट्रॅक्टर मास्तर’ ठेवलं.

पाचव्या धड्यात ‘टेक’ हा शब्द आला: शेतकरी हातात कुदळ घेतो. सातव्या धड्यात तोच शब्द बसच्या प्रवासाला आला, नवव्यात औषधाला. नववा धडा चालू असताना याओ शूलान उभी राहिली. चौदा वर्षांची, लोहाराची मुलगी, वर्गात सगळ्यात हुशार.

“मास्तर, आपण कुदळ घेतो, बसमध्ये बसतो आणि औषध खातो. त्यांचं सगळं ह्या एकाच शब्दात कसं?”

“पोटभर औषध खाऊन बसमध्ये बसतात आणि उतरून कुदळ मारतात!” मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. त्वानही हसला.

“पण ह्याचे एकूण अर्थ आहेत तरी किती?” शूलानने विचारलं.

“मोजून सांगतो,” त्वान म्हणाला.

शाळेत इंग्रजीचा एकच शब्दकोश होता. जुन्या ग्रंथालयाची पुस्तकं लगदा करायला नेली तेव्हा तो कपाटामागे पडून राहिला, म्हणून वाचला. पुठ्ठा गेला होता, पहिली शंभर-सव्वाशे पानं गेली होती. अर्थ इंग्रजीतच दिलेले, त्यामुळे एक अर्थ कळायला आणखी पाच शब्द शोधावे लागत. ‘टेक’खाली मुंगीएवढ्या अक्षरांत चार स्तंभ होते. त्वानने ते पाहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला असं वाटलं की हे काम आपल्यासाठीच ठेवलेलं आहे. ताप मोजणं, फोटो काढणं, वेळ लागणं, डुलकी काढणं, शत्रूची चौकी जिंकणं, एखाद्याला दुसराच कोणी समजणं. चिनीत ह्यातल्या प्रत्येकाला आपापलं क्रियापद होतं. प्रत्येक अर्थाची एकदोन कार्डं करायची असं त्याने ठरवलं: पुढे इंग्रजी वाक्य, मागे चिनी.

अडचण कागदाची होती. मुलं पेन्सिलीने लिहून ते खोडून त्याच वहीत पुन्हा लिहीत होती. जाड कागद तर कुठेच नव्हता. तोडगा त्याच्या बायकोने काढला.

ल्यानफांग गावच्या दवाखान्यात औषधं जोखून द्यायची. तिच्या वडिलांचं जडीबुटीचं दुकान होतं, तीन पिढ्यांचं. दुकान सरकारजमा झालं, म्हातारा गेला, आणि त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत आता ती, त्वान आणि बारा वर्षांची मिन असे तिघं राहत होते. दुकानातलं अठ्ठेचाळीस खणांचं औषधांचं कपाट तिथेच होतं, कारण ते दारातून बाहेर निघत नव्हतं. दुकान गेलं तरी ल्यानफांगच्या फायलीतला ‘दुकानमालक’ हा शब्दही तसाच होता. दवाखान्यात कुठलीही सभा असली की ती शेवटच्या बाकावर बसायची.

“जोड्याच्या तळासारखं कर की,” ती त्वानला म्हणाली. “तळाला कुठे जाड कापड मिळतं? चिंध्याच चिकटवतो ना आपण?”

घरोघरी बायका जोड्यांचे तळ असेच करत. दाराची एक फळी काढून आडवी टाकायची, तांदळाच्या खळीने चिंध्यांवर चिंध्या आणि कागदावर कागद चिकटवायचा, फळी उन्हात उभी करायची, आणि वाळून कडक झालं की पायाच्या मापाने कापायचं. ल्यानफांगने आत जुन्या वर्तमानपत्राचे चार थर घातले आणि वर-खाली वहीचा कोरा कागद लावला. पत्त्यांसारखी कार्डं निघाली. ती हातांनी खळ अशी फिरवायची की एकही गाठ राहत नसे.

फक्त एक काळजी घ्यावी लागे, आणि ती त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती. वर्तमानपत्राच्या ज्या पानावर अध्यक्षांचा फोटो असेल ते पान चिकटवायचं नाही, कापायचं नाही, त्यात मासळी बांधायची नाही, जाळायचंही नाही. जवळपास रोजच्या पहिल्या पानावर फोटो असे. ल्यानफांग रद्दी आली की चुलीजवळ बसून पानं निवडायची: फोटोची पानं पेटीत, बाकीची पलंगाखाली. भातातले खडे निवडावेत तशी, दोन्ही बाजू उलटून.

कार्डं कपाटाच्या खणांत गेली. खणांवर म्हाताऱ्याच्या हातची औषधांची नावं होती, ती कोणी पुसली नव्हती. हातात घेण्याचे अर्थ ज्येष्ठमधाच्या खणात, आजारपणाचे रेवाचिनीच्या, प्रवासाचे सुंठीच्या, लढाईचे हळदीच्या. रोज सकाळी त्वान एकदोन खण उपसून कार्डं पिशवीत घालून शाळेत न्यायचा. प्रत्येक मुलाला एक. पाठ झालं की शेजारच्याला द्यायचं. मुलं पुस्तकाची भाषा सोडून खणांची भाषा बोलू लागली. “ते हळदीतलं टेक आहे रे, सुंठीतलं नाही, गाढवा,” असं व्हरांड्यात ऐकू यायचं. ती वासावरून अर्थ ओळखतात, असं त्वान घरी येऊन सांगायचा. ल्यानफांग म्हणायची, “माझ्या बापाच्या दुकानाने तीन पिढ्यांत इतके आजारी बरे केले नसतील.”

१९७४च्या मार्चपर्यंत एकशे तेरा कार्डं झाली. मग ल्यानफांग न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली. शब्दकोशातला शेवटचा स्तंभ उरला होता. त्वानने एका दुपारी, दोन तासांच्या मधल्या वेळात घरी येऊन, स्वतःच खळ शिजवली. पलंगाखालचे कागद काढायला वाकावं लागलं असतं, आणि पलंगावर ल्यानफांगचा नुकता डोळा लागला होता. चुलीजवळ एक गठ्ठा पडलेला होता. त्याने वरचे चार कागद उचलले, फळीवर थापले आणि वरून वहीचा कागद लावला. फोटो त्याने पाहिला नव्हता. कागद उलटूनही पाहिला नव्हता.

त्या फळीतून चोवीस कार्डं निघाली आणि कडेला हातभर लांबीचा एक तुकडा उरला. त्याच्या उजव्या जोड्याचा तळ टाचेपाशी झिजून गेला होता. तुकडा पायाच्या आकाराने कापून त्याने जोड्याच्या आत सारला. ल्यानफांग जागी झाली होती. पडल्या पडल्या तिने ते पाहिलं आणि म्हणाली, “छान. आता चांभारकीही शिक.”

ही चोवीस कार्डं ओबडधोबड होती. खळीच्या गाठी कागदावर उठून दिसत होत्या.

“मास्तर, ह्या कार्डांना गोवर आलाय,” एक पोरगा म्हणाला.

“काकू आजारी आहेत. ही मी केलीत,” त्वान म्हणाला. “नावं ठेवू नका, वाचा.”

जूनमध्ये दमट हवा सुरू झाली. त्या दिवसांत भिंती घाम गाळतात, मीठ पाणी होतं, खळीला बुरशी येते. ल्यानफांगच्या कार्डांना काही झालं नाही. गाठींच्या कार्डांचे कोपरे उकलायला लागले. अकरा तारखेला, दुसऱ्या तासाला, तिसऱ्या बाकावरच्या मुलाने सुटलेला कोपरा नखाने आणखी सोलला. मग त्याने मोठ्याने विचारलं,

“मास्तर, ह्याच्या आत माणूस आहे! कोण आहे?”

एक डोळा होता आणि भुवई होती. प्रश्न विचारून झाल्यावर तो डोळा कोणाचा हे पोराच्या लक्षात आलं आणि त्याने कार्ड गरम तव्यासारखं बाकावर टाकलं. वर्गात चाळीस मुलं होती. कोणीही हसलं नाही.

त्साओ वाईट माणूस नव्हते. पण चाळीस मुलांनी पाहिलेली गोष्ट एका माणसाला दाबता येत नाही, आणि ती दाबली असती तर पुढची पाळी त्यांची होती. त्यांनी तालुक्याला कळवलं. दोघं जण आले. कपाटाचे अठ्ठेचाळीस खण उपसून त्यांनी सगळी कार्डं शाळेच्या कचेरीत नेली आणि एनॅमलच्या घमेल्यांत भिजत घातली. दोन दिवस ते थर सोलत होते. त्यातला एक जण मधूनच कार्डांवरची वाक्यं वाचून त्वानला विचारायचा.

“हे काय लिहिलंय?”

“चौकी जिंकली.”

“आणि हे? तोच शब्द?”

“त्याने तिला तिची बहीण समजलं.”

“चौकी जिंकायला आणि बाई ओळखताना चुकायला एकच शब्द?” तो त्साओंकडे वळला. “आणि हे तुम्ही मुलांना शिकवता?”

“पुस्तकात आहे,” त्साओ म्हणाले. “पहिले दोन-तीन अर्थ पुस्तकात आहेत. बाकीचे ह्याने आणले.”

एकशे सदतीस कार्डांपैकी अकरांत फोटोचे तुकडे निघाले. ते टेबलावर जुळवले गेले. कपाळ, डोळे, नाक, हनुवटी, कॉलर, सगळं जमलं. डावा कान तेवढा नव्हता. दोघांनी घमेल्यांतला लगदा पुन्हा चिवडला, खण पुन्हा पाहिले, झाडू मारून घेतला. त्वान टेबलापाशी उभा होता. फळीचा डावा काठ त्याला आठवला, हातभर लांबीचा तुकडा आठवला, आणि उजव्या टाचेखाली कान आहे हे त्याला कळलं.

“कान कुठे आहे?” तालुक्याच्या माणसाने विचारलं.

“माहीत नाही,” त्वान म्हणाला.

फोटो कापणं हा एक गुन्हा होता. तो पायाखाली घालून तीन महिने चालणं हा कुठल्या नावाचा गुन्हा असेल, हे त्याला ठरवता येईना. तो घरी चालत गेला, टाच न टेकवता. बाजारात कोणीतरी विचारलं, “मास्तर, पाय मुरगळला का?”

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मैदानात सभा होती. दुपारी तिघं जेवायला बसले. पेज होती आणि खारवलेली मोहरीची पानं. मिनला ल्यानफांगने वाटी देऊन शेजारच्या म्हातारीकडे पाठवलं.

“ती फळी माझी होती, हे मी सांगतो,” त्वान म्हणाला. “माझी फायल स्वच्छ आहे. फार तर पुन्हा डुकरांकडे पाठवतील.”

“आणि कान?”

त्याने उजवा पाय मागे ओढून घेतला.

“जोडा काढून दाखवशील?”

“तुला माहीत होतं?”

“कान सापडत नाही असं तू काल बोललास तेव्हाच कळलं. तू तो तुकडा घातलास तेव्हा मी जागी होते.” तिने त्याच्या वाटीत पेज वाढली. “जेव. जे सांगायचं ते लवकर सांग. अडखळत बसलास की ती माणसं जास्त विचारतात.”

एवढंच. त्यांच्यात काही ठरलं नव्हतं, हे त्वानने पुढे अनेकदा स्वतःला सांगितलं. आणि एवढ्यात सगळं ठरलं होतं, हेही.

सभेला सगळी शाळा होती, दवाखान्याची माणसं होती. त्वानला पुढे उभं केलं होतं. तालुक्याच्या माणसाने अकरा कार्डांची हकिगत सांगितली आणि विचारलं, “हे कागद कोणी चिकटवले?”

त्वानने खाली पाहिलं. जोड्याच्या कडेला चिखल लागलेला होता. पहिलं वाक्य तोंडात तयार होतं. पण त्याच्यामागून येणारा दुसरा प्रश्न त्याला ऐकू येत होता, आणि उजवा पाय जमिनीत रुतल्यासारखा झाला होता. किती वेळ गेला हे त्याला कधीच नक्की सांगता आलं नाही.

“मी,” मागून आवाज आला. ल्यानफांग शेवटच्या बाकावरून उठली होती. “घरात खळ मी लावते. कार्डंही मीच करते. विचारा कोणालाही.”

“कान कुठे आहे?”

“काठाचा उरलेला तुकडा होता, चुलीत घातला. काय होतं त्यावर, मी पाहिलं नाही.”

मैदानात एक आवाज उठला, एकदम दार लोटल्यासारखा. कापणं आणि वर जाळणं. कोणीतरी ओरडलं, “दुकानवाल्याची पोरगी!” आणि पुढचं सगळं त्या एका वाक्यावर चालत गेलं. त्वानने हे केलं असतं तर तो निष्काळजीपणा ठरला असता. ल्यानफांगने केलं म्हणून तो हेतू ठरला.

मुलांच्या रांगेत ‘गोवर आलाय’ म्हणणारा पोरगा होता. याओ शूलान होती. चाळीसच्या चाळीस होते.

तिला पाच वर्षांची शिक्षा झाली. जिल्ह्याच्या वीटभट्टीवर पाठवलं. आठवड्याने त्साओंनी त्वानला बोलावून एक कागद पुढे केला.

“‘मला ह्यातलं काही माहीत नव्हतं,’ एवढं लिही आणि सही कर. तुझी नोकरी राहील, पोरीची शाळा राहील.” मग दुसरीकडे पाहत, “घटस्फोटाचं मी काही म्हणत नाही. तो तुझा तू बघ.”

त्वानने दोन ओळी लिहिल्या. त्याचं अक्षर सुरेख होतं. घटस्फोट त्याने घेतला नाही, आणि ह्या गोष्टीचं कौतुक गावात काही लोकांनी केलं. ते ऐकलं की तो विषय बदलायचा.

जोड्यातला तुकडा त्याने काढला, पण त्याचं करायचं काय हे सुचेना. फेकणं शक्य नव्हतं, जाळणं शक्य नव्हतं; पुरावा तरी तेवढा राहू दे, असंही एक मन म्हणत होतं. खण रिकामे झाले होते. ज्येष्ठमधाच्या खणात त्याने तो तुकडा ठेवला आणि वर जुने मोजे टाकले. मिन एकदा खण उघडायला गेली तर तो तिच्यावर ओरडला. ह्याआधी तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता.

तीन महिन्यांतून एकदा भेटायची परवानगी होती. ल्यानफांग ओल्या विटा वाहायची. पहिल्या हिवाळ्यात तिच्या बोटांची कातडी फुटली, दुसऱ्या हिवाळ्यात बोटं वळली ती सरळ होईनात. भेटीच्या खोलीत रखवालदार बसलेला असे.

“मिन?”

“बरी आहे. गणितात पहिली आली.”

“तू?”

“मी बरा.”

“जोडे नवे घे,” ती एकदा म्हणाली. दोघांनीही खाली पाहिलं नाही.

दर भेटीला जाताना तो ठरवायचा की परतताना जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन सांगायचं. कचेरी बसच्या थांब्यासमोरच होती. सतरा भेटी झाल्या. सतरा वेळा तो बसमध्ये बसला.

१९७७च्या ऑक्टोबरमध्ये रेडिओने सांगितलं की विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा पुन्हा होणार. पंधरा दिवसांत त्वानच्या वर्गात बसायला जागा उरली नाही. शेतांतून, गिरण्यांतून, खेड्यांत पाठवलेली जुनी मुलं आली. खिडक्यांत बसली, दारात उभी राहिली. इंग्रजी शिकवणारा आसपास तेवढा एकच होता. त्याने पुन्हा कार्डं केली नाहीत. ‘टेक’चे अर्थ तो फळ्यावर लिहायचा, आठवतील तेवढे. रोज त्याचा हात एकसष्टाव्या अर्थापाशी थांबायचा. पुढचे त्याला येत नव्हते असं नाही. पुढचे त्या चोवीस कार्डांवरचे होते.

याओ शूलानही आली. दोन वर्षं तिने भातशेतीत काढली होती. एकोणीस वर्षांची मुलगी तिशीची दिसत होती. परदेशी भाषांच्या विभागाला तिला अर्ज करायचा होता. तास संपल्यावर ती मागे राहिली.

“मास्तर, एकसष्टच सांगता तुम्ही. मला चौऱ्याहत्तर आठवतात.”

“तू पाठ केली होतीस?”

“गोवराची कार्डंसुद्धा.” तिने वही मिटली. “त्या दिवशी माझ्या कार्डात हनुवटी होती. तो ओरडायच्या आधीच मी पाहिली होती. थुंकी लावून कोपरा दाबून टाकला.”

त्वान फळा पुसत होता. त्याने पुसणं थांबवलं नाही.

“आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, मास्तर. ती तुम्ही केली होती. तुम्हीच वर्गात सांगितलं होतं.”

“मग कोणी बोललं का नाही?”

“तुम्ही बोलाल असं वाटलं,” शूलान म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. अभ्यासाबद्दल बोलावं तसं ती बोलली, आणि मग खरोखरच अभ्यासाबद्दल बोलू लागली. पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला.

१९७९च्या एप्रिलमध्ये जुनी प्रकरणं तपासणाऱ्या कचेरीतून एक ओळीचं पत्र आलं: हेतू सिद्ध होत नाही, शिक्षा रद्द. शिक्षेचे दोनेक महिने उरले होते. ल्यानफांग बसमधून उतरली तेव्हा तिच्याकडे एक गाठोडं होतं आणि ते तिने बोटांत न धरता मनगटावर अडकवलं होतं. दवाखान्याने तिला परत घेतलं, पण जोखकाट्यावर नाही. बोटांत वजनं धरता येत नव्हती. तिला दारात बसून नंबराचे बिल्ले द्यायचं काम मिळालं.

मे महिन्यातल्या एका सकाळी त्वानने ज्येष्ठमधाचा खण उघडला, तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि जिल्ह्याला गेला. ह्या वेळी तो थांब्यासमोरचा रस्ता ओलांडून कचेरीत शिरला. टेबलामागे तिशीचा एक माणूस बसला होता. पुढे फायलींचे तीन ढीग होते.

“माझ्या बायकोच्या प्रकरणात एक चूक आहे,” त्वान म्हणाला.

“नाव?” त्याने फायल शोधली, उघडली. “ही निकालात निघाली. बाई घरी आल्या ना?”

“आल्या. पण तिने काही केलं नव्हतं. ते कागद मी चिकटवले. आणि हा कान.” त्याने पुडी सोडली. पायाच्या आकाराचा, टाचेपाशी काळा पडलेला तुकडा टेबलावर पडला.

माणूस तुकड्याकडे बघत राहिला. मग उठून त्याने दार लावलं.

“काका, वय काय तुमचं?”

“पन्नास.”

“हे मी घेतलं तर मला नोंद करावी लागेल. नोंद केली की नवी फायल उघडावी लागेल, तुमच्या नावाची. ह्यात ही तुमची जुनी सही आहे, ‘काही माहीत नव्हतं’. म्हणजे खोटा जबाब. मग त्या बाईंनीही खोटा जबाब दिला. त्यांची रद्द झालेली शिक्षा पुन्हा वर येईल.” त्याने ढिगांकडे हात केला. “ह्यातली निम्मी माणसं मेलेली आहेत. तुमची जिवंत घरी आली आहे. हे गुंडाळा आणि जा. मी पाहिलं नाही.”

“पण खरं काय ते लिहायला नको का?”

“कोणासाठी?”

त्वानने वर्तमानपत्राचा कागद पुन्हा ओढून घेतला. त्याने तुकडा गुंडाळला.

तो घरी आला तेव्हा दुपार झाली होती. ल्यानफांग चुलीपाशी भात शिजवत होती. तिने पुडीकडे पाहिलं.

“कुठे गेला होतास?”

“जिल्ह्याला. सांगायला.”

“मग?”

“घेत नाहीत. म्हणाला, तुझी शिक्षा पुन्हा वर येईल.”

“पाच वर्षांनी सांगायला गेलास,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “आणि तेही मला न विचारता. तेव्हा कागद उचलतानाही विचारलं नव्हतंस, आताही नाही.”

“ल्यानफांग, मी त्या दिवशी बोलणार होतो. दर वेळी—”

“बोलणार होतास, माहीत आहे. मी मोजत होते. दहापर्यंत मोजलं. मग उठले.” तिने मनगटाने तोंडावरची वाफ पुसली. “वीसपर्यंत मोजायला हवं होतं का, असं भट्टीवर कधी कधी वाटायचं. आण ते इकडे.”

तिने पुडी दोन तळहातांमध्ये धरली. बोटं सरळ होत नव्हती म्हणून गुंडाळलेला कागद त्याला सोडावा लागला. तिने तुकडा उलटून पाहिला, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, रद्दीची पानं निवडायची तसा. गाठी अजून तशाच होत्या.

“चुलीत घातला असं मी सांगितलं होतं,” ती म्हणाली, आणि तो चुलीत घातला.

खळीचे थर जाड होते. तो पटकन पेटेना. आधी कडा वळल्या, मग धूर झाला, खोलीभर जळक्या भाताचा वास पसरला. त्वान उभा राहून बघत होता. ल्यानफांगने चिमटा मनगटांत अडकवून तो तुकडा आत, निखाऱ्यांवर लोटला आणि भाताचं भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं.

“दोनला तुझा तास आहे ना?” तिने विचारलं. “मग जेवून घे.”